पाळीच्या आधीचे ते आठ दिवस

पोरी, परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालीस. मागून सासूबाई आल्या असतील. पण तेवढ्यात तू जे म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. "ताई, मले मीच ओळखू येत नाही वो." महिन्याचे तीन आठवडे तू बरी असतेस. लेकरांचे डबे, गोठा, वेचणीच्या बायांची हजेरी, सगळं तूच पाहतेस. मग पाळीला आठ-दहा दिवस उरले की काहीतरी बिघडतं. कोणी काही साधं विचारलं तरी तुटून पडतेस, लेकराच्या पाठीत धपाटा घालतेस आणि मग न्हाणीत जाऊन रडतेस. रात्री झोप नाही, दिवसा अंग उचलत नाही, आपण कोणालाच नको आहोत असं वाटतं. आणि पाळी आली की एक-दोन दिवसांत सगळं निवळतं.

तुझ्या घरात फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे लिहून पाठवते. दुपारी सगळे झोपले की निवांत वाच.

आधी मनातलं ओझं उतरव. तू वाईट बायको नाहीस, वाईट आईही नाहीस. जो त्रास दर महिन्याला ठरावीक दिवसांत येतो आणि पाळीबरोबर जातो, तो माणसाचा स्वभाव नसतो. हा एक आजार आहे. डॉक्टर त्याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीएमडीडी. आणि त्याच्यावर उपचार आहेत. एक लागू पडला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. हे मी तुला धीर देण्यापुरतं सांगत नाही.

"सगळ्याच बायांना होते, त्यात काय एवढं?" असं तुला कोणीतरी म्हणालंच असेल. पाळीच्या आधी ओटीपोट दुखणं, छाती जड होणं, थोडी चिडचिड होणं हे खरंच पुष्कळजणींना होतं. पण ज्या त्रासानं घरातलं काम अडतं, नाती तुटायला येतात, जगणं नको वाटतं, तो त्रास शंभरात साधारण तीन ते आठ जणींना होतो. बचत गटाच्या बैठकीत तुझ्या आजूबाजूला बसलेल्या बायांमध्ये आणखी एखादी असेलच. तीही तुझ्यासारखीच गप्प असेल. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी आपल्या निदानाच्या ग्रंथात या आजाराला उदासीनतेच्या आजारांमध्ये स्वतंत्र जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तो बायकांच्या आजारांतही धरला आहे आणि उदासीनतेच्या आजारांतही. म्हणजे स्त्रीरोगाचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर, दोघांनाही तो पाहता येतो. कोणी "हे आमचं काम नाही" म्हणून परत पाठवलं तर खचू नकोस, दुसऱ्या दारात जा.

असं का होतं, ते समजून घे, म्हणजे नको तिथं पैसा जाणार नाही. पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी अंडाशयातून बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर ते झपाट्यानं उतरतं. त्या हार्मोनपासून मेंदूवर काम करणारा एक पदार्थ तयार होतो. बहुतेकींना त्यानं शांत वाटतं, पण काहींच्या मेंदूला त्याचा चढउतार सोसत नाही. हार्मोन जास्त नसतात, कमीही नसतात. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे फार छान दाखवून दिलं. असा त्रास असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या अंडाशयांचं काम त्यांनी इंजेक्शननं काही महिने थांबवलं. त्रास असलेल्यांपैकी पुष्कळजणींचा त्रास थांबला. मग दोन्ही गटांना सारखीच हार्मोन दिली. त्रास परत आला तो फक्त आधी त्रास असलेल्यांनाच. हार्मोन तीच, पण त्यांना मेंदू देतो तो जबाब वेगळा.

म्हणून तुझ्या हार्मोनच्या तपासण्या "नॉर्मल" आल्या, तर त्याचा अर्थ तू ढोंग करतेस असा होत नाही. त्या तपासण्यांवर हजारो रुपये घालायची गरजच नाही. मात्र हिमोग्लोबिन आणि थायरॉईड नक्की तपासून घे. आपल्याकडे बायांचं रक्त कमी असणं नवीन नाही, आणि या दोन्हींमुळे थकवा आणि उदासी येते.

आणखी एक गोष्ट तू फोनवर अर्धवट सोडलीस, पण मला कळली. घरात कोणीतरी "हिले बाहेरचं लागलं" म्हणालं ना? आपल्या भागात हे अजून चालतं. ठरल्या दिवशी बाई वेगळी वागते, म्हणजे अंगात काही येतं, असा हिशेब लावतात. पोरी, कोणाकडेही नेऊ देऊ नकोस. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, धूर देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सासूबाईंशी भांडू नकोस. त्या त्यांना माहीत आहे तेवढंच बोलतात. त्यांना एवढंच म्हण, "आई, पाळी आली की मी बरी होते, हे तुमीच पाह्यलं ना? मग हे पाळीचंच दुखणं आहे. डॉक्टरले दाखवू."

आता करायचं काय. पहिलं काम डॉक्टरचं नाही, तुझं आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तू पाळीची तारीख लिहितेसच. पण तेवढं पुरत नाही. लेकराची एक जुनी वही घे आणि रोज रात्री झोपायच्या आधी एक ओळ लिही. राग, रडू, धास्ती, उदासी, झोप, खाणं, कामात लक्ष, अंगाची सूज किंवा दुखणं, या प्रत्येकासाठी एक ते सहामधला आकडा टाक. एक म्हणजे काहीच नाही, सहा म्हणजे अगदी सोसवेना. भांडण झालं असेल तर तेही दोन शब्दांत लिही. असं दोन पूर्ण महिने लिही, आणि बरं वाटतंय त्या दिवसांतही लिही. बरे दिवस कोरे सोडले तर वही अर्धीच राहते.

डॉक्टर हीच वही पाहून निदान करतात, कारण या आजाराची रक्ततपासणी नाही, सोनोग्राफीतही तो दिसत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आकडे चढलेले आणि पाळीनंतरच्या आठवड्यात ते जवळजवळ एकवर आलेले दिसले, तर गोष्ट स्पष्ट होते. आणि पाळीनंतरही आकडे खाली आले नाहीत, महिनाभर उदासी आहे आणि पाळीआधी ती फक्त वाढते, असं निघालं तर ते दुखणं वेगळं असतं आणि औषधाचा बेतही वेगळा होतो. आठवणीतून सांगताना आपण सगळीच चिडचिड पाळीच्या खात्यावर घालतो, किंवा सगळीच नवऱ्याच्या. वहीत तसं होत नाही.

वही भरली की जायचं कुठं? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून होईल आणि पुढची चिठ्ठी मिळेल. मनाचे डॉक्टर भेटायचे तर अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजचं. तिथं मानसोपचाराची ओपीडी आहे. स्त्रीरोगासाठी जिल्हा स्त्री रुग्णालय आहेच. आपल्या हिवरखेड स्टेशनावरून जाणारी खंडव्याची छोटी गाडी बंद पडल्यापासून अकोल्याला जाणं जिवावर येतं, हे मला माहीत आहे. पण अकोट ते अकोला रेल्वे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. अकोटपर्यंत एस.टी.नं ये, पुढं मी बरोबर असेन.

मानसोपचार हा शब्द वाचून दचकू नकोस. आपल्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम चालला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गावं हादरली होती, त्या काळातली ही गोष्ट. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन उदासीनतेबद्दल बोलायच्या, ऐकून घ्यायच्या, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायच्या. कार्यक्रमाआधी उदासीनतेच्या आजारातले शंभरात जेमतेम चार जण कोणाकडे मदतीला जात. दीड वर्षानं ते प्रमाण सत्तावीसच्या पुढं गेलं. २०१७ साली हे 'लॅन्सेट सायकियाट्री' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की ती माणसं आपलीच होती, कपाशी-तुरीवाली. कोणीतरी नीट विचारलं, तेव्हा ती बोलली.

आता औषधाचं. हे मी सविस्तर सांगते, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. या आजारावर सगळ्यात जास्त पारखलेल्या गोळ्या म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्यांची नावं. डॉक्टर या गोळ्यांना एसएसआरआय म्हणतात. उदासीनतेसाठी याच गोळ्या देतात, पण तिथं गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. पीएमडीडीत मात्र त्या काही दिवसांत काम करू लागतात, पुष्कळदा पहिल्याच महिन्यात फरक दिसतो. म्हणूनच या आजारात त्या रोज घ्याव्याच लागतात असं नाही. पाळी नियमित असेल तर पाळीच्या चौदा दिवस आधी सुरू करायच्या आणि पाळी आली की थांबवायच्या, असंही देतात. काहींना तर त्रास सुरू झाल्या दिवसापासून पाळी येईपर्यंतच पुरतात. पाळी पुढंमागं होत असेल, किंवा मधल्या दिवसांतही मन उदास असेल, तर रोज घेणं बरं. यातलं कोणतं तुझ्यासाठी, ते डॉक्टर वही पाहून ठरवतील. पण असे पर्याय आहेत हे तुला ठाऊक असलं की तू विचारू शकतेस.

शंभरातल्या साठ-सत्तर जणींना या गोळ्यांनी चांगला गुण येतो. अमेरिकेत २००० साली फ्लुओक्सेटिनला खास याच आजारासाठी परवानगी मिळाली, म्हणजे हे काही नवं प्रयोगाचं औषध नाही. जनऔषधी केंद्रात असल्या गोळ्या कमी पैशात मिळतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, झोप कमी किंवा जास्त, असं होऊ शकतं. बहुधा ते आठवड्याभरात जातं, आणि गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. नवराबायकोतल्या इच्छेवर परिणाम होऊ शकतो. हे कोणी सांगत नाही आणि बाया विचारत नाहीत, म्हणून मी सांगते. तसं झालं तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, किंवा चौदा दिवसांचीच ठेवता येते.

"या गोळ्यांची सवय लागते, बाई येडी होते," असं तुला दहा जणी सांगतील. झोपेच्या गोळीसारखी नशा यांना नसते. रोज आणि पुष्कळ महिने घेतल्या असतील तर मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या, एवढं खरं. मी स्वतः या गोळ्या घेतल्या आहेत, पोरी. घरात फार थोड्यांना माहीत आहे. पहिल्यांदा जेव्हा पाळी आली आणि मागच्या आठवड्यात आपण कोणावर ओरडलोच नाही हे लक्षात आलं, तेव्हा मला आनंदापेक्षा राग आला, की हे मला आधी कोणी का नाही सांगितलं. तुला सांगायला मी आहे.

डॉक्टरांपुढं तीन गोष्टी मात्र लपवू नकोस. कधी दिवसचे दिवस झोप न घेता खूप जोर आला, पैसा उधळला, बोलणं थांबलंच नाही, असं झालं असेल किंवा सख्ख्या नात्यात कोणाला तसा आजार असेल तर सांग, कारण अशा बाईला नुसती ही गोळी दिली तर मन उलट्या दिशेला भडकू शकतं. पुढचं लेकरू हवं असेल किंवा दिवस राहायची शक्यता असेल तर सांग. आणि दुसरं काही औषध चालू असेल, झाडपाल्याचंही, तर तेही सांग. वय पंचवीसच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत मनात वाईट विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं.

दुसरा रस्ता हार्मोनच्या गोळ्यांचा. बीज सुटणंच थांबवलं की चढउतार राहत नाही, हा त्यामागचा विचार. पण कोणतीही गर्भनिरोधक गोळी चालत नाही. ड्रोस्पिरेनोन आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल असलेली, चोवीस दिवस औषधाची आणि चार दिवस बिनऔषधाची, अशी गोळी या आजारासाठी पारखलेली आहे. अमेरिकेत २००६ साली तिला त्यासाठी मान्यता मिळाली. आशाताईंकडं फुकट मिळणारी माला-एन वेगळी आहे, तिच्यात दुसरं हार्मोन असतं. म्हणून आपल्या मनानं तिचं पाकीट आणून सुरू करू नकोस. "माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं, मला ही गोळी कशाला?" असं एखादीच्या मनात येतं. ऑपरेशननं नळ्या बंद होतात, अंडाशय आपलं काम करतच राहतं. म्हणून त्रासही राहतो आणि म्हणूनच ही गोळी उपचार म्हणून देता येते. बीपी असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चकाकतं अशी अर्धशिशी असेल, किंवा पस्तिशी उलटून तंबाखू ओढत असेल, तर ती चालत नाही. या गोळीनं रक्तात गाठी होण्याचा धोका थोडा वाढतो.

यावरून एक आठवलं. महालक्ष्म्या आल्या की घरोघर पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. सोवळ्याच्या धाकानं घेतात, मेडिकलमधून कोणालाही न विचारता आणतात. त्याही हार्मोनच्याच आहेत, आणि तुझ्यासारखीचं मन त्यांनी आणखी बिघडू शकतं. वरून वहीचा हिशेबही चुकतो. या वर्षी महालक्ष्म्यांत पाळी आली तर येऊ दे. नैवेद्य तुझी जाऊ करेल. देवीला त्याचा राग येतो असं मला तरी वाटत नाही.

बोलून करायचे उपचारही आहेत. समुपदेशक ठरावीक पद्धतीनं मनातले विचार ओळखायला शिकवतात. "मी कोणालाच नको" हा विचार आला की तो त्या आठ दिवसांचा विचार आहे हे धरता येतं आणि त्यावर तिथल्या तिथं निर्णय घेतला जात नाही. याचा गुण हळू येतो, पण टिकतो. गोळ्यांबरोबरही करता येतो. आपल्याकडं असे समुपदेशक कमी, हीच अडचण.

कॅल्शियमबद्दल १९९८ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायांचा पाळीआधीचा त्रास तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळपास निम्म्यानं उतरला. मात्र नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही सुमारे तीस टक्क्यांनी उतरला होता. म्हणजे उपयोग आहे, पण तो मध्यम त्रासात. दूध, दही, तीळ, नाचणी जेवणात असू दे, आणि डॉक्टर म्हणाले तर गोळी घे. बी-सिक्स जीवनसत्त्वाचा थोडा उपयोग होतो असं दिसतं, पण मनानं मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर हातापायाच्या नसा खराब होतात. चालणं, वेळेवर झोप, चहा कमी, हे सगळं चांगलंच आहे. पण दिवसभर वावरात वाकून काम करणाऱ्या बाईला "व्यायाम कर म्हणजे बरं वाटेल" एवढंच सांगून परत पाठवणं मला पटत नाही. तुझा त्रास तेवढ्यानं जाणारा नाही.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. आपल्याच भागातली पानपिंपरी वैद्यांच्या औषधांत जाते. पण निर्गुडीबद्दल सावध राहा. युरोपात या त्रासावर निर्गुडीच्या कुळातल्या एका झाडाच्या फळांचा अर्क देतात. ते ऐकून कोणी बांधावरच्या निर्गुडीचा काढा सांगेल. ते झाड वेगळं, आपलं वेगळं. एकाच्या चाचण्या दुसऱ्याला लावता येत नाहीत.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, ते. कोणीतरी तुला सांगेल, "गर्भाची पिशवी काढून टाक, कटकटच जाईल." आपल्याकडं चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया तुझ्याही ओळखीत असतील. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं तुला आठवत असेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अहवाल दिला. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीनं खाडा पडू नये म्हणून, कॅन्सरची भीती घालून, अशी ती काढलेली.

तुझ्या आजारात नुसती पिशवी काढून काहीही होणार नाही. हा शब्द मी जपून वापरते आहे. पाळीचं रक्त पिशवीतून येतं, पण मनाचा हा त्रास अंडाशयाच्या चक्रातून येतो. पिशवी काढली आणि अंडाशय राहिलं, तर पाळी दिसणार नाही पण ते आठ दिवस दर महिन्याला येतच राहतील. तेव्हा तर तारीखही कळणार नाही आणि तुझ्यावर कोणी विश्वासही ठेवणार नाही, कारण "पाळीच नाही तर पाळीचा त्रास कुठला?" म्हणून कोणत्याही दवाखान्यात या कारणासाठी पिशवी काढायचा कागद पुढं केला तर सही करू नकोस. आधी मला फोन कर.

ज्यांना गोळ्या, हार्मोन, समुपदेशन यांपैकी कशानंच गुण येत नाही, अशा थोड्या बायांसाठी पुढची पायरी आहे. अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारं इंजेक्शन असतं, त्या १९९८ च्या प्रयोगात वापरलं तसलं. त्यानं पाळी जाण्याच्या वयातली अवस्था आधीच येते, अंगातून वाफा निघतात आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून ते बरोबर थोडी हार्मोन देऊन, तज्ज्ञाच्या हाताखालीच घ्यायचं, आणि ते महागही आहे. दोन्ही अंडाशय काढायचं ऑपरेशन अगदी शेवटचं. तेही या इंजेक्शननं त्रास थांबतो हे आधी पाहून घेतल्यावरच. तुझं प्रकरण तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. शंभरातल्या बहुतेकींचं जात नाही.

पोरी, आता एक सरळ विचारते. त्या दिवसांत जीव द्यावासा वाटतो का? वाटत असेल तर दोन महिने वही भरायची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. जावयांना सांग, मला सांग, नाहीतर १४४१६ वर फोन लाव. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली तुझ्याकडं नको, जावयांकडं किंवा शेजारच्या घरी असू दे. हे अपमानाचं नाही. तो विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो, तेवढा वेळ हाताशी काही नसावं. पोलिसांच्या भीतीनं घरचे असली गोष्ट लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता त्याच्यावर उपचार करायचे, अशी भूमिका घेतली आहे. दवाखान्यात न्यायला कोणी घाबरू नये.

जावयांशी बोल, पण त्या आठ दिवसांत बोलू नकोस. पाळी होऊन गेली, डोकं शांत आहे, ते जेवून ओसरीवर बसले आहेत, तेव्हा बोल. वही दाखव. पुरुषांना आकडे पाहिले की लवकर पटतं, हा माझा अनुभव आहे. त्यांना सांग की त्या दिवसांत मी चिडले तर उलट बोलू नका, लेकरांना घेऊन जरा चौकात जाऊन या. पैशाचे, जमिनीचे, माहेर-सासरचे मोठे निर्णय त्या आठवड्यात नकोत, हेही आधीच ठरवून ठेवा. लेकरांना ज्या दिवशी मार बसला असेल, त्या दिवशी जवळ घेऊन सांग की तुमची चूक नव्हती, आईला बरं नव्हतं. लेकरं समजून घेतात. त्यांना कारण कळलं नाही तर ती स्वतःलाच दोष देत बसतात.

येत्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून वही सुरू कर. मधल्या काळात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून कागद वहीतच ठेव, अकोल्याला जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्याही घे. डॉक्टरांना विचारायचं आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, ऐनवेळी आठवत नाही. माझा त्रास पीएमडीडीचा आहे का, की दुसरं काही पाळीआधी वाढतं? गोळी रोज घ्यायची की चौदा दिवस? किती महिन्यांनी परत दाखवायचं, आणि गुण आला नाही तर पुढं काय? एवढं विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मी शेजारी बसलेली असेन, तू अडखळलीस तर मी विचारीन.